सोलापुरात विकायला जड जाणारी घरं : वारस, भाडेकरू, भिंती आणि कागद

कन्ना_चौक
नवीन इमारतीतला फ्लॅट कुणीही विकतो. एजंटचा कस लागतो तो पेठेतला वाडा, भाडेकरूसकट घर, माग बंद पडलेली जागा, हद्दवाढीतला सात-बाराचा प्लॉट असल्या मिळकती हातात आल्यावर. गिऱ्हाईक येतं, घर पसंत पडतं, इसार होतो आणि वकिलाचा शोध अहवाल आला की सगळं जागच्या जागी अडतं. या धाग्यात अशा मिळकतींबद्दल लिहूया. नेमकं काय अडतं, कुठला कागद कुठून काढायचा, कशाच्या आधी काय करायचं. मालकांची नावं आणि सिटी सर्व्हे नंबर टाकू नका.

सुरुवात वारसांपासून करतो. माझं मत असं की साखर पेठ, शुक्रवार पेठ, दोन्ही कसबे, तेलंगी पाच्छा पेठ या भागांत सौदा मोडण्याचं पहिलं कारण भाव नसून मालमत्ता पत्रकावर (नगर भूमापन कार्यालयातल्या मिळकतीच्या नोंदीवर) राहिलेलं मयताचं नाव हे असतं. महापालिकेच्या कराच्या पावतीवर थोरल्या भावाचं नाव आहे म्हणून तो स्वतःला मालक समजतो. कराची नोंद कर वसुलीसाठी असते, तिने मालकी ठरत नाही. इसार घेण्याआधी मालमत्ता पत्रकाची ताजी प्रत काढा आणि शेवटची नोंद कुणाच्या नावाची आहे ते बघा. आजोबांचं नाव असेल तर काम असं :

आधी वंशावळ लिहून काढा. आजोबांपासून खाली, मुली, सुना, मयत मुलींची मुलं, सगळे. मग प्रत्येक मयताचा मृत्यू दाखला. मधल्या पिढीतला एक दाखला हमखास सापडत नाही. जुन्या मृत्यूची नोंदच झालेली नसेल तर उशिरा नोंदीची वेगळी परवानगी काढावी लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच हातात घ्या. नंतर प्रतिज्ञापत्रासह नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज. हरकतीसाठी नोटीस निघते, पंधरा दिवसांची मुदत असते, मग नोंद प्रमाणित होते. नोंद प्रमाणित झाल्यावरच जाहिरात.

मुलींना वगळून केलेली वंशावळ चालत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. अपवाद २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत वाटणीचा किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी विधवा, मुलगे, मुली, आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, सगळे समान हिस्सेदार. म्हणजे मिळकत कुठल्या प्रकारची यावर घरात वाद घालत बसण्यापेक्षा सगळ्यांच्या सह्या घेणं हाच रस्ता.

दस्तऐवज
कन्ना_चौक मालक, सगळं बरोबर. पण पुढची पायरी लिहा, कारण तिथेच गडबड होते. भाऊ म्हणतात, आधी बहिणींकडून हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) घेऊ, मग विकू. बहिणीला पैसे द्यायचे नसतील आणि ती मनापासून सोडत असेल तर हक्कसोड योग्य. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात ते नाममात्र मुद्रांकावर होतं, पण नोंदणी लागतेच. नोटरीसमोर केलेलं हक्कसोड निबंधकापुढेही चालत नाही आणि बँकेतही नाही.

बहीण हिश्शाचे पैसे घेणार असेल तर तिला हक्कसोडाकडे नेऊ नका. तिला खरेदीखतात सरळ 'लिहून देणार', म्हणजे विकणारी, म्हणून घ्या आणि तिच्या हिश्शाची रक्कम तिच्याच खात्यावर, दस्तात चेक किंवा आरटीजीएसचा तपशील लिहून जाऊ द्या. दोन फायदे. तिचा भांडवली नफा तिच्या नावावर राहतो, भावाच्या माथी येत नाही. आणि 'मला फसवून सही घेतली' हा दावा उभाच राहात नाही, कारण पैसे मिळाल्याचा पुरावा दस्तातच असतो.

हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं हेही लक्षात ठेवा. विकत घेणाऱ्याच्या नावे किंवा ज्याला अजून हिस्साच आलेला नाही अशा पुतण्याच्या नावे हक्कसोड लिहिलेले दस्त बघायला मिळतात. त्यांना दान किंवा विक्री समजून मुद्रांक लावला जातो आणि नोंद अडकते.

वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर थांबा. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६, कलम ८ : अज्ञानाची स्वतःची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तसा दस्त झाला तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो रद्द करायला मागू शकतं. बँकेचे वकील यावर हमखास बोट ठेवतात. परवानगीचा अर्ज जिल्हा न्यायालयात करावा लागतो आणि अज्ञानाच्या पैशाची ठेव कुठे राहणार हे न्यायालय विचारतं, ते आधी ठरवून ठेवा.

पूर्वभाग
आमच्या पूर्व भागातली, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीतली, अडचण थोडी निराळी. अर्धे वारस हैदराबादला, काही भिवंडीत, काही सुरतेत. सगळ्यांना एका दिवशी दुय्यम निबंधकापुढे आणणं अवघड, मग कुलमुखत्यारपत्र येतं. ते तपासताना बघायच्या गोष्टी :

मुखत्यारपत्र देणारा ज्या गावी राहतो तिथल्या निबंधकासमोर ते झालेलं असावं. तेलंगणा किंवा गुजरातेत केलेलं मुखत्यारपत्र इथे वापरायचं तर मुद्रांकातला फरक भरावा लागतो, हे विसरलं की दस्त टेबलावरून परत येतो. परदेशातून आलेलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीचं साक्षांकन किंवा अपोस्टिल हवं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. विक्रीचा, पैसे स्वीकारण्याचा आणि नोंदणीला हजर राहण्याचा अधिकार, हे तिन्ही अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावेत. 'मिळकतीची देखभाल करणे' एवढ्यावर विक्री होत नाही. आणि देणारा आज हयात आहे का? देणारा वारला की मुखत्यारपत्र संपलं. दस्ताच्या दिवशी मुखत्याराकडून तसं घोषणापत्र घ्याच, पण आदल्या दिवशी देणाऱ्याशी व्हिडिओवर बोलून घ्या.

मुखत्यारपत्रावरच घर 'घेतलेली' मंडळीही विकायला येतात. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुखत्यारपत्र, साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि मृत्युपत्र असा जुडगा मालकी देत नाही हे पक्कं आहे. मूळ मालकाकडून किंवा त्याच्या वारसांकडून खरेदीखत करून घेतल्याशिवाय ते घर बाजारात आणू नका.

गड्डा_मैदान
एक वारस पंधरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला, पत्ता नाही. बाकी चौघे तयार आहेत. अशा वेळी एजंटनं काम घ्यावं का?

दस्तऐवज
घ्या, पण विक्रीची तारीख देऊ नका. सात वर्षं ज्यांना कळायला हवं त्यांना त्याची खबर नसेल तर मृत्यूचं गृहीतक कायद्यात आहे, मात्र ते आपोआप लागू होत नाही. पोलिसांतली जुनी बेपत्ता नोंद, वर्तमानपत्रातली नोटीस आणि दिवाणी न्यायालयाची घोषणा लागते. दुसरा मार्ग चौघांनी आपापले अविभक्त हिस्से विकायचा. कायद्याने तसं करता येतं, पण घेणाऱ्याला राहत्या घराच्या ठरावीक खोलीचा ताबा त्यातून मिळत नाही, वाटणीचा दावा करावा लागतो. राहायला घर शोधणाऱ्या कुटुंबाला हे कधीही सुचवू नये.

बाळीवेसकर
भाडेकरूंचं लिहितो. पेठेत दरमहा ऐंशी-शंभर रुपये भाड्यावर दोन पिढ्या राहिलेले लोक आहेत आणि मालकाला वाटतं, घर विकलं की भाडेकरू आपोआप जाईल. तसं होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ खाली त्याचं संरक्षण मिळकतीबरोबर नव्या मालकाकडे जातं. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला हक्क मिळतो. आणि इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. महापालिकेची धोकादायक इमारतीची कलम २६४ ची नोटीस आणून भाडेकरू काढायचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला चुकीचा आहे आणि वाड्यात म्हातारी माणसं राहात असतात याचं भान ठेवायला हवं.

विक्रीचे खरे मार्ग तीन. भाडेकरूसकट विकणं, भाव खाली धरून. भाडेकरूलाच विकणं, हा मार्ग मालकांना सुचतच नाही, पण पेठेत तो बऱ्याचदा सगळ्यात सुटसुटीत असतो कारण ताबा त्याच्याकडे आहेच. किंवा मोबदला देऊन जागा सोडवून घेणं.

तिसऱ्यात चुका जास्त होतात. जागा सोडल्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत करा. भाडेपावती ज्याच्या नावावर त्याचीच नव्हे, तिथे राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही घ्या. पैसे टप्प्याने, बँकेतून : करारावेळी थोडे, सामान हलल्यावर उरलेले. शेवटचा चेक रिकाम्या खोलीत, कुलूप-किल्ली हातात आल्यावर. त्याच वेळी खोल्यांचे फोटो आणि दोन पंचांच्या सह्यांची ताबा पावती. भाडेकरूच्या नावावर वीजमीटर असेल तर तो बंद केल्याची पावती. मीटर चालू राहिला तर 'मी अजून इथेच राहतो' याचा पुरावा त्याच्या हातात राहतो.

रेषा_मोजणी
पेठेतल्या घरांचं क्षेत्रफळ हा स्वतंत्र विषय आहे. खरेदीखतात एक, पत्रकात दुसरं, जागेवर तिसरं. जुने दस्त फुटांत किंवा चौरस वारात, पत्रक चौरस मीटरमध्ये. १ चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट आणि १ चौ. वार म्हणजे ९ चौ. फूट. फार जुना दस्त मोडीत असला तर मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून सहीशिक्क्यासह जोडा. बँकेचा वकील मोडी वाचत बसत नाही.

फरक थोडा असेल तर दस्तात पत्रकाचं क्षेत्र लिहा. मोठा असेल तर आधी मोजणीचा अर्ज करून 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) काढा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस गेलेली असावी आणि ते हजर असावेत, नाहीतर पुढे हरकत येते. चतुःसीमा आजच्या लिहा. दस्तात पूर्वेला ज्यांचं घर लिहिलंय ते विकून गेले असतील तर पन्नास वर्षांपूर्वीचं नाव उतरवून घेऊ नका.

आणि बोळ! पत्रकाच्या नकाशात बोळ कुणाच्या नंबरात दाखवलाय ते बघा. सामाईक बोळातून जाण्याचा हक्क, शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी आपल्या अंगणात पडण्याचा हक्क, सामाईक भिंत, मोरीची वाट हे सगळं वहिवाटीने चालत आलेलं असतं. मालक बोलत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही, आणि नव्या मालकाने पहिली वीट रचली की शेजारी न्यायालयात. खरेदीखतात या हक्कांचा स्वतंत्र परिच्छेद घाला, शेजाऱ्याची संमती सही मिळाली तर फारच बरं.

माळवदी
आता दगडी भिंतीच्या माळवदाच्या, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेल्या, घरांबद्दल. गिऱ्हाईक प्लॉटच्या क्षेत्रावर भाव लावतं आणि आत आल्यावर खोल्या लहान दिसल्या की नाराज होतं. हिशेब आधीच सांगा. ३० बाय ४० चा प्लॉट, १२०० चौ. फूट. चारी बाजूंनी दोन फुटी भिंत धरली तर आत उरतं २६ बाय ३६, म्हणजे ९३६ चौ. फूट. २६४ चौ. फूट नुसत्या बाहेरच्या भिंतीत गेले, आतल्या भिंती वेगळ्या. म्हणून अशा घराला जमिनीची किंमत अधिक लाकूड-दगडाची किंमत असा भाव लावावा. चालू बांधकामाचा दर त्याला लावणं गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

माळवद बघताना वर जा. पांढऱ्या मातीचा थर दरवर्षी पावसाआधी चोपून नीट करावा लागतो. वर्षानुवर्षं नुसती माती वाढवत नेली असेल तर थर जाड होतो आणि सगळं वजन तुळयांवर येतं. खालून तुळई मधोमध झुकलीय का ते दोन टोकांना दोरी ताणून बघा. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोकदार सळईने टोचून पाहा. कुजण्याची सुरुवात तिथून होते, कारण ओल भिंतीतून येते, आणि मधला भाग ठणठणीत असला तरी टोक मऊ लागलं तर ती तुळई गेली. वाळवीची मातीची रेघ दिसली तर लाकडाच्या किमतीचा हिशेब तिथेच बदलतो.

कर्जाचं आधीच सांगतो : अशा घरावर गृहकर्ज सहसा होत नाही. बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीशी ताडून बघतो. त्यामुळे गिऱ्हाईक एक तर रोकड्या ऐपतीचं, म्हणजे चेकने पूर्ण रक्कम देणारं हवं, नाहीतर पाडून बांधणारं. पाडून बांधणाऱ्यासाठी समोरच्या रस्त्याची रुंदी मोजून ठेवा. अरुंद बोळात किती मजले आणि किती सोडजागा हे एकत्रीकृत बांधकाम नियमावलीतून वास्तुविशारदाकडून लेखी घ्या. 'तीन मजले आरामात होतील' असं तोंडी कधीच बोलू नये.

पूर्वभाग
यंत्रमागाची घरं राहिलीच. खाली माग, वर बिऱ्हाड. माग विकले, आता घर विकायचंय. इथे चार गोष्टी अडतात.

वीज : मागासाठीची जोडणी कायमची खंडित झालेली आणि थकबाकी तशीच. घेणाऱ्याने नवा मीटर मागितला की जुना ग्राहक क्रमांक त्या पत्त्यावर दिसतो. महावितरणचा थकबाकी नसल्याचा दाखला इसाराच्या अटींतच घाला.

कर : महापालिकेकडे बिगरनिवासी आकारणी चालू असते. माग गेल्यावर वापर बदलल्याचा अर्ज कुणी करत नाही, घेणारा पहिलं बिल बघून दचकतो.

फरशी : मागाखालच्या शहाबादीत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. तिच्यावर सिमेंट धरत नाही, वरून टाईल्स बसवल्या तर पोकळ वाजून सुटतात. फरशी उखडून, तेलकट थर खरवडून, नव्याने कोबा करावा लागतो. जमिनीतले मागाचे बोल्ट वरून कापू नका, मुळापासून काढा.

भिंती : कंपनाने तुळईखालचे दगड आणि चौकटीच्या बाजू सैल होतात. रंग मारण्याआधी सांधे खरवडून भरून घ्या. नुसता रंग मारलेला जाणत्याला लगेच कळतो आणि मग तो बाकी सगळ्यावरच संशय घेतो.

जुळे_सोलापूर
पेठांवर भरपूर झालं, हद्दवाढीकडे या. १९९२ ला जी गावं शहरात आली तिथे सात-बारावर अजून एकत्र नावं आहेत. मूळ शेतकऱ्याने गुंठ्या-गुंठ्याने विकलं. १ गुंठा म्हणजे १०८९ चौ. फूट. घेणाऱ्याचं नाव 'इतर धारकां'सोबत लागलं किंवा लागलंच नाही. घर पक्कं, स्लॅबचं, पण लेआऊट मंजूर नाही, बिगरशेती नाही, वापर परवाना नाही. बँक पाठ फिरवते.

३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करण्याची तरतूद कायद्यात आहे. महापालिकेकडे प्लॉटचा नकाशा, खरेदीचा कागद, कर पावती, वीजबिल लावून अर्ज करायचा, प्रशमन (नियमभंग मिटवण्याचं) आणि विकास शुल्क भरायचं, प्रमाणपत्र घ्यायचं. ते हातात असलं तर तेच घर सुरळीत विकतं. म्हणून मालकाला सांगा, आधी नियमित करा, मग बाजारात आणा. आरक्षणातला किंवा विकास आराखड्यातल्या रस्त्यातला प्लॉट नियमित होत नाही, त्यामुळे झोन दाखला आणि भाग नकाशा सगळ्यात आधी. लेआऊटमधली 'मोकळी जागा' प्लॉट पाडून विकलेली असते, तीही याच नकाशात सापडते. तुकडेबंदीचे (जमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारे) नियम अलीकडे सारखे बदलताहेत, निबंधक कार्यालयात ताजं परिपत्रक बघूनच तारीख द्या.

सात-बारावर भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. वतन किंवा देवस्थान इनाम असा शेरा दिसला तर वकिलाशिवाय पुढे पाऊल नको.

होटगी रोडकडे विमानतळामुळे उंचीची मर्यादा आहे. वर मजले चढवायच्या बेताने येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

काळीमाती
जुळे सोलापूर, तुमच्याकडच्या तड्यांचं कुणीच लिहिलं नाही. काळी माती उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते, आणि उथळ पायावरचं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा, विटांच्या सांध्यांनी पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा तडा हा पाया हलल्याचा. गिलाव्यावरची जाळी-जाळी बारीक असेल तर ती गिलाव्यापुरती. स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथला आडवा तडा उन्हातल्या तापण्या-निवण्याचा. गिऱ्हाइकाला तिन्ही सारखेच भीतीदायक दिसतात, फरक आपण दाखवायचा.

तडा जिवंत आहे का हे काचपट्टीने कळतं. साधारण ७५ बाय २५ मिलिमीटरची पातळ काच घ्या, सूक्ष्मदर्शकाची पट्टी चालते. गिलावा खरवडून विटेवर, तड्याच्या आडवी ठेवून दोन्ही टोकं इपॉक्सीने चिकटवा. मधला भाग सुटा राहू द्या. बाजूला पेन्सिलने तारीख आणि तड्याच्या टोकाला खूण. काच फुटली किंवा खूण ओलांडून तडा पुढे गेला तर हालचाल चालू आहे. मे महिना आणि सप्टेंबर, दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. नुसत्या उन्हाळ्यात बघितलं तर अर्धंच कळतं.

उपाय पाण्यापासून सुरू होतो. न्हाणीघराची गळकी नळी, घराला लागून सोडलेलं पाणी, भिंतीजवळचं मोठं झाड, यांनी माती एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहते. ते थांबवा, घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार दिलेली फरसबंदी करा, एक पावसाळा जाऊ द्या, मग तडा भरा. विकायच्या घाईत आधी पुट्टी भरणारे पुढच्या मेमध्ये पुन्हा तोच तडा बघतात, तोवर घर विकलं गेलं असेल तर शिव्या एजंटला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घेणाऱ्याला साध्या नजरेने न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगायचाच असतो. पुट्टीखाली झाकलेला पायाचा तडा त्यातच येतो.

गड्डा_मैदान
पाण्याबद्दल गिऱ्हाईक सगळ्यात आधी विचारतं. काय उत्तर द्यायचं?

जुळे_सोलापूर
हिशेबाने द्या. घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर, पाणी चार दिवसांआड धरलं तर २७०० लिटर साठा हवा. जमिनीतली टाकी ५ बाय ५ बाय ४ फूट असेल तर १०० घनफूट, म्हणजे सुमारे २८३० लिटर. टाकी फूटपट्टीने मोजा, मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका. नळ आल्याच्या दिवशी घर दाखवा, दाब दिसतो. बोअरचं पाणी कितपत चालतं ते मे महिन्यातलं विचारा आणि पाणी तपासणीचा अहवाल जोडा. क्षार जास्त असतील तर नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसतोच.

विजापूर_रोड
पैशांकडे येऊ. ४० लाखांचं घर महापालिका हद्दीत : मुद्रांक ६ टक्के, २ लाख ४० हजार. घेणाऱ्या सगळ्या स्त्रियाच असतील तर राहत्या घराला एक टक्का सवलत, म्हणजे २ लाख. नवराबायकोच्या जोडनावाला ती मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. बँक ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाते आणि मुद्रांक त्यात धरत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाकडे स्वतःचे ८ लाख अधिक २ लाख ७० हजार तयार हवेत. हे इसाराआधी कागदावर लिहून द्या. सौदे इथेच फार फसतात, कारण माणूस ८ लाखच धरून चाललेला असतो.

'थोडे वरचे रोख घ्या' ही मागणी येतेच. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड. बाजारमूल्य तक्त्यापेक्षा (सरकारी रेडी रेकनर दरापेक्षा) दहा टक्क्यांहून जास्त खाली दस्त केला तर विकणाऱ्याला तक्त्याच्या किमतीवर कर आणि घेणाऱ्याला फरकावर कर. पेठेतल्या मोडकळीला आलेल्या घरात तक्त्याची किंमत खऱ्या भावापेक्षा वर जाऊ शकते, तेव्हा इमारतीचा घसारा नीट लावून मूल्यांकन करून घ्या. वयाचा पुरावा म्हणून जुनी कर आकारणी नोंद जोडा.

५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कर कापून भरायचा. विकणारे चार असले तरी १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण मोबदला धरतात, प्रत्येकाचा वेगळा नाही. परदेशात राहणाऱ्या वारसाच्या हिश्शाला ५० लाखांची मर्यादाच नाही, तिथे कपातही जास्त. सनदी लेखापाल आधी गाठा.

दस्तऐवज
विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर क्रम लिहून ठेवा. बँकेकडून कर्ज पूर्ण फेडीची रक्कम आणि ताब्यातल्या मूळ कागदांची यादी. ती यादी घेणाऱ्याच्या बँकेला. घेणाऱ्याच्या बँकेचा पहिला चेक सरळ विक्रेत्याच्या बँकेच्या कर्जखात्यावर. फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद परत करायचं बँकेवर बंधन आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून. निबंधकाकडची गहाणाची नोंद कमी झाल्याचा कागद घेतल्याशिवाय काम संपलं म्हणू नका.

मूळ खरेदीखत हरवलं असेल तर पोलिसांत नोंद, दोन वर्तमानपत्रांत नोटीस, पंधरा दिवस हरकतीची वाट, निबंधकाकडून प्रमाणित प्रत, विक्रेत्याचं क्षतिपूर्ती पत्र. काही बँका तरी नाही म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकाची बँक कोणती हे विचारूनच पुढे जा.

गड्डा_मैदान
आणि दक्षिणमुखी घर?

बाळीवेसकर
दार फोडून दुसरीकडे करायचा खर्च विक्रेत्याने करू नये, तो भावात निघत नाही. जाहिरातीतच दिशा लिहा, म्हणजे ज्यांना चालत नाही ते येत नाहीत. रस्त्यावरचं असेल तर दुकान-दवाखान्यासाठी बघणाऱ्यांना आधी दाखवा. पितृपंधरवड्यात किंवा पौषात इसाराची घाई करू नका. सगळे कागद तयार ठेवून दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया धरा. त्या दिवसांच्या आगेमागे निबंधक कार्यालयात गर्दी असते, वेळ आगाऊ आरक्षित करा.

कन्ना_चौक
ताब्याच्या दिवसाचं राहिलं ते लिहितो. ताबा दिलेल्या साठेखताला खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो, म्हणून साठेखतावर किल्ली देऊ नका. किल्ली खरेदीखताच्या दिवशी, शेवटची रक्कम खात्यावर जमा झाल्याचं बघून. त्याच बैठकीत वीजमीटरचा आकडा आणि पाणीमीटर असेल तर त्याचा आकडा ताबा पावतीवर लिहून दोघांच्या सह्या, वीजजोडणीच्या नावबदलाचा अर्ज विक्रेत्याच्या सहीसह, मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या शेवटच्या पावत्या, सोसायटी असेल तर भागपत्र आणि हस्तांतराचा अर्ज. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतर अधिमूल्य म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही, देणगीच्या नावानेही नाही.

सूची क्रमांक २ ची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत त्याच दिवशी काढा आणि नगर भूमापनात खरेदीच्या नोंदीचा अर्ज टाकून पोच घेणाऱ्याच्या हातात द्या. नोंद प्रमाणित होऊन पत्रकावर नवीन नाव आलं की ती प्रत काढून त्याला पाठवा. दलालीचा शेवटचा हप्ता तेव्हा घेतला तरी चालतो, लोक आनंदाने देतात.

देवस्थान इनामाच्या जागेवरच्या घरांबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर वेगळा धागा काढा, तो विषय इथे मावणारा नाही.